मध्यंतराची रांग

नाट्यगृहाचा नकाशा समोर आला की मी रंगमंचाआधी बायकांची स्वच्छतागृहं मोजते. ऑफिसात माणसं दिवसभरात आपापल्या वेळेला उठतात. तिथे राष्ट्रीय इमारत संहितेत २५ पुरुषांमागे एक आणि १५ स्त्रियांमागे एक शौचकूप धरलाय. नाटकाला मात्र अख्खं सभागृह मध्यंतरात एकदम उठतं, त्यामुळे हिशेब त्या काही मिनिटांचाच करायला हवा.

बायकांना वेळ जास्त लागतो. साडी सावरायची, दाराला खुंटी नाही म्हणून पर्स दातात धरायची, शिवाय सोबत लहान पोर. पुरुषांकडे मुताऱ्या वेगळ्या असतात. 'मॅडम, दोघांना सारखीच जागा दिलीय,' असं बिल्डर सांगतात तेव्हा मला राग येतो. सारख्या जागेत बायकांची रांग जिन्यापर्यंत जाणारच!

वस्तीतल्या सामुदायिक शौचालयाची गर्दी सकाळची, कामावर निघण्याआधीची. स्वच्छ भारतच्या निकषात तिथे ३५ पुरुषांमागे एक, २५ स्त्रियांमागे एक सीट आहे. मुंबईत 'राइट टू पी' (लघवीचा हक्क) मोहिमेतल्या कार्यकर्त्या २०११पासून बायकांच्या स्वच्छतागृहांच्या हक्कासाठी भांडताहेत.

आणि खुंटी, पाळीच्या पॅडसाठी झाकणाचा डबा नकाशातच दाखवा. नंतर कुणी बसवत नाही.