बालवाडीत पुरलेला कचरा

पर्यावरण शिकवायचं म्हणून पाच वर्षांच्या पोराला वितळणारे हिमनग दाखवले तर भीती बसते, कळत काहीच नाही. इथे जर्मनीत चांगल्या बालवाड्यांमध्ये त्याऐवजी कचरा पुरून परत उकरून बघतात. कोथरूडच्या गॅलरीतही हे सहज जमेल.

वीस लिटरची जुनी बादली घ्या, तळाला आठ-दहा भोकं पाडा. माती बागेतलीच हवी. नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) कुजवणारे जीवजंतू फारसे नसतात, म्हणून प्रयोग तिथेच फसतो. सोसायटीच्या खतखड्ड्यातलं दोन मुठी खत मिसळलं तर उत्तम. केळ्याची साल, वर्तमानपत्राचा तुकडा, सुती चिंधी, वेफर्सचं पाकीट आणि टपरीवरचा कागदी कप चार-चार बोटं अंतर ठेवून दहा सेंटिमीटर खोल पुरायचे. खुणेच्या काडीवर नाव नको, चित्र काढा. तेही पक्क्या मार्करनं, स्केचपेन पाण्यानं पुसलं जातं. पुरण्याआधी प्रत्येकाला विचारायचं, यातलं काय उरेल? उत्तरं कागदावर टिपून ठेवा, नंतर भांडणं होतात!

माती पिळलेल्या फडक्याइतकी ओली राहिली पाहिजे. एप्रिलमध्ये ती कोरडी ठाक होते आणि कुजणं थांबतं. जुलैत बादली उघड्यावर राहिली तर पाणी साचून हवा कोंडते, मग घाण वास सुटतो. पावसाळ्यात ती छपराखालीच बरी. जर्मनीत थंडीत हे काम जवळपास ठप्प होतं, तेव्हा पुण्याची ऊब या प्रयोगाला कामाची.

चार आठवड्यांनी उकरा. सालीचा मागमूस जेमतेम उरतो, कागद भुसभुशीत होतो, पाकीट मात्र जसंच्या तसं. कप परत पुरा, त्याला काही महिने लागतात. कागद गळून गेला की आतला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा हाती येतो. ‘कागदी’ म्हणून घेतलेल्या कपाचं हे रूप मोठ्यांनीही बघावं. उकरून झालं की साबणानं हात धुवायचे.

पुढचा प्रश्न मुलंच विचारतात: मग या पाकिटाचं करायचं काय? जर्मनीत पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की अनामत ठेवलेले २५ सेंट परत मिळतात, त्यामुळे बाटलीला किंमत असते हे पोरांना आपोआप समजतं. पुण्यात हे शिकवायला ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक ताई आहेत. सुका कचरा मुलाच्या हातून द्यायला लावा आणि त्यांना घाई नसेल तेव्हा विचारा, यातलं काय विकलं जातं? दुधाची धुतलेली पिशवी भंगारात जाते. वेफर्सचं पाकीट वेगवेगळे थर चिकटवून बनवलेलं असतं, ते थर सुटे करणं परवडत नाही, म्हणून त्याला सहसा गिऱ्हाईक नसतं.