लेकाची सपोर्टेड इंटर्नशिप आणि माझी गप्प बसण्याची परीक्षा

"तुला काय करायला आवडेल?" प्रश्न लेकाला होता, उत्तर मी दिलं. मीटिंग घेणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा त्याच्याकडेच बघितलं. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. इथे सक्तीचं शिक्षण संपलं की ईएचसी प्लॅनबद्दल, म्हणजे मुलाला लागणाऱ्या मदतीच्या कायदेशीर आराखड्याबद्दल, निर्णय घ्यायचा हक्क पालकांकडून मुलाकडे जातो. २०१४च्या कायद्यातच तसं आहे आणि मला ते पाठ होतं. पण मुलगा ऑटिस्टिक, नवीन गोष्ट शिकायला त्याला वेळ लागतो. १९ वर्षं त्याच्या वतीने बोलायची सवय लागलेल्या माझ्या जिभेला कायदा कोण सांगणार?

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "तारखा." घरी फ्रिज उघडला की प्रत्येक डब्यावरची तारीख वाचणं हा त्याचा रोजचा कार्यक्रम. मला हसू आलं, बाईंनी मात्र ते लिहून घेतलं.

सपोर्टेड इंटर्नशिप ही १६ ते २४ वयाच्या, ईएचसी प्लॅन असलेल्या मुलांसाठी आहे. किमान सहा महिने, बहुतेक वेळ खऱ्या कामाच्या जागी, उरलेला वेळ कॉलेजचा अभ्यास आणि सोबत जॉब कोच, म्हणजे काम शिकवायला बरोबर असणारी व्यक्ती. पगार नाही. हे फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पगार नाही तर ती नोकरी कसली गं?" खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. फुकट राबवून घेतील आणि वर्ष संपलं की टाटा!

जॉब कोच पहिल्यांदा घरी आली ती त्याचं व्होकेशनल प्रोफाइल, म्हणजे त्याला कुठलं काम जमेल याची टिपणं, बनवायला. मी रिपोर्टांची जाड फाइल समोर ठेवली. ती तिने उघडलीसुद्धा नाही. कुठला आवाज त्याला सहन होत नाही, कंटाळा आला की तो काय करतो, 'नको' कसं सांगतो, असलंच विचारत बसली. कोचचा आणि प्रवासाचा खर्च अ‍ॅक्सेस टू वर्क या सरकारी योजनेतून मिळू शकतो. ते फॉर्म कॉलेजने भरले, त्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही.

बसचं सांगते. आधी कोच त्याच्या शेजारी बसायची, मग दोन सीट मागे, मग नुसती उतरायच्या थांब्यावर उभी. एके दिवशी रस्ता बंद होता म्हणून बस भलतीकडून गेली. ठरल्याप्रमाणे त्याने खिशातलं कार्ड काढून ड्रायव्हरला दाखवलं आणि पुढच्या थांब्यावरून कोचला फोन केला. मला नाही. संध्याकाळी कळलं तेव्हा बरं वाटलं, आणि थोडं लागलंही.

कामाची जागा एक रुग्णालय. वर्षात तीन वेगवेगळ्या विभागांत काम करायचं. स्वयंपाकघर सपशेल फसलं. भांड्यांच्या आवाजाने तो कान झाकून जिन्यात जाऊन बसायचा. कपडे घडी घालण्याचं काम जमलं, पण आवडलं नाही. तिसरा विभाग स्टोअर्स: सामान लावायचं, जवळची तारीख पुढे, लांबची मागे. वेगवेगळ्या विभागांत काम करून बघायची ही पद्धत ज्या प्रोजेक्ट सर्च नावाच्या उपक्रमावरून आली, तो १९९६ साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात सुरू झाला. तिथेही सुरुवात अशीच, तातडीच्या विभागातलं सामान कपाटांत भरण्यापासून झाली होती.

कोच आधी दोन दिवस स्वतः ते काम शिकली, मग त्याचे छोटे टप्पे पाडून फोटोंची कार्डं केली. अडचण वेगळीच निघाली. एखादा खोका चुकीच्या जागी दिसला की हा अख्खं कपाट रिकामं करून पहिल्यापासून लावायचा. यावर तिचा उपाय म्हणजे पिवळे स्टिकर. चूक दिसली की चिकटव आणि पुढे जा. आठवडा गेला, पण जमलं.

मग ती हळूहळू लांब राहू लागली. आधी दाराशी, मग दुसऱ्या मजल्यावर. मला वाटलं, बाई काम टाळतेय. मी रागाने ईमेलही पाठवला. उत्तरात तिने एक तक्ता पाठवला: दिवसात किती वेळा आठवण करून द्यावी लागली, पहिल्या आठवड्यात १४, आता २. मागे सरकणं हेच तिचं काम होतं. माफीचा ईमेल लिहायला मला चार दिवस लागले.

स्टोअर्समध्ये जागा निघाली. समोरासमोरच्या मुलाखतीत तो एक शब्द बोलला नसता. २०१०च्या समानता कायद्याचा आधार घेऊन कोचने विनंती केली आणि मुलाखतीऐवजी त्याला तासभर काम करून दाखवायला मिळालं. आठवड्याला २० तास, पगारासकट.

आणि इथे मी अडले. शिक्षण सोडून पगारी काम धरलं की कौन्सिल ईएचसी प्लॅन बंद करू शकते. तो प्लॅन मिळवायला मी काय काय केलं होतं ते माझं मला ठाऊक. पीआयपी हा अपंगत्वासाठीचा सरकारी भत्ता उत्पन्नावर ठरत नाही, त्यामुळे तो नोकरीने जात नाही, आणि कामावरच्या मदतीसाठी अ‍ॅक्सेस टू वर्क पुन्हा मागता येतं, हे सगळं समजावून झालं. तरी "अजून एक वर्ष कॉलेज..." माझ्या ओठांवर होतं. पहिल्या मीटिंगमधल्या त्याच बाईंनी त्याला विचारलं, "तुला काय हवंय?" मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला.

"सोमवारी किती वाजता?" त्याने विचारलं. मग सही केली, आणि फॉर्मवर तारीख कालची पडलीय हेही दाखवून दिलं.