निघालेल्या ब्रॅकेटची पाठ आधी बघा

दात सरळ करायला दातावर चिकटवलेलं, तार धरणारं ब्रॅकेट निघालं की पहिलं खापर पोरावर फुटतं, खाजं चावलं असशील, चणे खाल्ले असशील, आणि आई माझ्यासमोरच त्याला झापायला लागते. कडक खाल्ल्याने ब्रॅकेट निघतं हे खरंच, पण ताई, आधी ते ब्रॅकेट तर दाखवा ना. सगळं सिमेंट त्याच्याच पाठीला चिकटलेलं आणि दात कोरा, असं असेल तर माझा पहिला संशय खाण्यावर नाही, ओलाव्यावर जातो.

कारण बघा, दातावर 37 टक्के फॉस्फोरिक ॲसिड 15 ते 30 सेकंद ठेवायचं, धुवायचं, हवेने सुकवायचं, मग तो भाग खडूसारखा पांढरा दिसतो. तिथे डोळ्याला न दिसणारी बारीक छिद्रं झालेली असतात, सिमेंटआधी लावायचा पातळ प्रायमर त्यात शिरतो आणि लाइट मारला की आतच घट्ट होतो, सगळी पकड तीच. आता तेवढ्यात जीभ लागली किंवा लाळ चढली तर लाळेतली प्रथिनं ती छिद्रं बुजवतात, आणि नेहमीच्या प्रायमरचं पाण्याशी मुळातच वाकडं, तो आत जाणार कुठून? नुसतं धुऊन सुकवल्याने तो थर पूर्ण जात नाही, परत थोडा वेळ एच, म्हणजे ॲसिड लावून, करायलाच हवं, बाहेर वेटिंग कितीही भरलेलं असो.

लाळेवर सगळ्यांचं लक्ष असतं, सुकवायची हवा देणाऱ्या कंप्रेसरकडे कोणी बघत नाही. आपल्या गोव्यात जून लागला की हवा एवढी दमट की टाकीत दाबल्यावर त्यातली वाफ पाणी होऊन तळाला साचते, आमच्या फोंड्याच्या क्लिनिकमध्ये पावसाळ्यात रोज सकाळी खालचा व्हॉल्व्ह उघडला की गढूळ पाणी येतं. ते काढलं नाही तर तेच हवेच्या सिरिंजमधून सुकवलेल्या दातावर. म्हणून मी बाँडिंगआधी, म्हणजे ब्रॅकेट चिकटवण्याआधी, सिरिंजची हवा माउथ मिररवर सोडून बघते, बारीक थेंब उमटले तर त्या लाइनवर काम सुरूच करत नाही.

अर्धवट वर आलेली खालची दाढ मात्र कापूस, सक्शन, गाल बाजूला धरणारा चीक रिट्रॅक्टर सगळं लावूनही कोरडी राहत नाही. तिथे ओलावा सोसणारा प्रायमर किंवा रेझिन-मॉडिफाइड ग्लास आयोनोमर हे ओलाव्यात चालणारं सिमेंट वापरावं असं माझं स्पष्ट मत.

आणि पेशंटनी निघालेलं ब्रॅकेट फेकू नका, तारेवर लटकत असेल तर ओढू नका, सुटं झालं असेल तर डबीत घालून आणा आणि लवकर या, कारण ब्रॅकेट नसलेला दात तारेच्या ताब्यात राहत नाही, सरकला की परत जागेवर आणण्यात वेळ जातो.