लेखिकेचा फोटो झाकून

एका मासिकाच्या संपादकताईंनी मला विचारलं, की बायकांच्या नव्या पुस्तकांवर लिहाल का. मी लगेच हो म्हटलं. वाचनाची सवय होतीच. ऑफिस सुटलं की अप्पा बळवंत चौकात चक्कर, तिथून ग्रंथालय, हा माझा जुना रस्ता. लिहिणं मात्र नवं होतं.

अशा मासिकांचं काम कसं चालतं, ते तिथे गेल्यावर कळलं. प्रकाशक प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती पाठवतात. एक कचेरीत राहते, दुसरी परीक्षण लिहिणाऱ्याला मिळते, आणि बहुतेक वेळा तेच मानधन. ज्या पुस्तकांना कोणी वाली मिळत नाही, ती ‘साभार पोच’मध्ये जातात. नाव, प्रकाशक, पानं, किंमत, की संपलं. त्या गठ्ठ्यात बायकांचे कवितासंग्रह इतके होते, की मला जरा अपराधीच वाटलं.

नवं पुस्तक हातात देण्याआधी ताईंनी परीक्षा घेतली. “कविता महाजनांची ‘ब्र’ वाचा, त्यावर सहाशे शब्द लिहून दाखवा. आणि हो, कथानक सांगत बसू नका.” ही 2005 सालची कादंबरी. घरातून बाहेर पडलेली प्रफुल्ला संस्थेच्या कामासाठी आदिवासी भागात फिरते, पंचायतीत निवडून आलेल्या बायकांना भेटते. ग्रंथालयातून आणलेल्या प्रतीत माझ्या आधीच्या कुणा वाचकाने समासात पेन्सिलीने शेरे मारून ठेवले होते. एका सरपंचबाईच्या हकिगतीशेजारी बारीक अक्षरात ‘अतिशयोक्ती’ असं लिहून खाली दोन रेघा ओढलेल्या. पुणेकर वाचक, दुसरं काय!

त्या शेऱ्याने मला कामाला लावलं. 73वी घटनादुरुस्ती 1993मध्ये लागू झाली आणि पंचायतींत एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. महाराष्ट्रात हा वाटा एक तृतीयांशावरून निम्म्यावर गेला 2011मध्ये. म्हणजे कादंबरी मधल्या वर्षांतली. खुर्ची मिळाली, पण तीवर बसू कोण देतं, अशा काळातली. भोरकडची माझी एक मावशी त्याच सुमारास सरपंच होती. तिला फोनवर दोन पानं वाचून दाखवली. ती म्हणाली, “अतिशयोक्ती कसली गं? आमच्याकडे सह्या माझ्या आणि मीटिंगा काकांच्या. हिनं कमीच लिहिलंय.” परीक्षणाचा पहिला परिच्छेद मला तिथे मिळाला. मावशीचं नाव अर्थातच घातलं नाही.

मग खरं काम आलं, एका तरुण लेखिकेचा पहिला कथासंग्रह. ताईंनी सांगितलं, “फोटो, मलपृष्ठ, मनोगत, सगळं शेवटी वाचा.” मी शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं खाकी कव्हरच घालून टाकलं. याचा उपयोग आमच्या वाचनगटात कळला. संग्रहातली एक बाई नवऱ्याला सोडून येते, तर गटातल्या निम्म्या जणींचा पहिला प्रश्न, “तिचंच आहे का हो हे?” ग्रंथालयात जुन्या अंकांतली परीक्षणं चाळली, तर तिथेही तोच सूर. लेखिकेने ‘अनुभव प्रामाणिकपणे मांडला’ म्हणून शाबासकी, आणि तो मांडला कसा, यावर चकार शब्द नाही. पुरुषाने गिरणीवर कादंबरी लिहिली की त्याची हजेरी कोणी तपासत नाही!

दुसऱ्या वाचनात मी फक्त कोण बोलतंय एवढंच बघत गेले. सगळ्यांत चांगल्या कथेत सासूला एकही वाक्य नाही. ती आहे ती आवाजांत: ओट्यावर आपटलेला डबा, उगाच दोनदा लावलेली कडी. आणि हे सगळं सांगतेय नात, मोठी झाल्यावर, आजीची बाजू घेत. पहिल्यांदा वाचताना ही सून-सासूची गोष्ट वाटते; निवेदन नातीकडे आहे हे ध्यानात आलं की सगळा तोल बदलतो. माझ्या सहाशेतले दोनशे शब्द या एका कथेला गेले. दोन कथा नुसत्या भाषणबाजीच्या होत्या, तेही लिहिलं. पहिलं पुस्तक आहे, सांभाळून घ्या, असं एकीने सुचवलं होतं. पण जेमतेम हजार प्रतींच्या आवृत्तीवर कोणी मन लावून वाचून चार ओळी लिहितं, तेव्हा त्या खोट्या कशाला असाव्यात? ताईंनी माझी विशेषणं तेवढी कापली, टीका तशीच ठेवली.

अंक आला. तळाच्या चौकटीत किंमत चुकीची छापली गेली होती, आणि वाचकांचा एकुलता एक फोन त्याबद्दलच आला.

पुढच्या खेपेला दोन पुस्तकं आली. त्यातलं एक कव्हर न घालताच परत केलं. लेखिका माझ्या भिशीत आहेत.