‘पूर्ण’ शिष्यवृत्ती आणि तिच्याआधीचा खर्च

परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठी आफ्रिकेतून जाणारे काही अर्ज पाठवण्यापूर्वी माझ्याकडे वाचायला येतात. ते वाचता वाचता माझे एक मत पक्के होत गेले आहे. ज्या शिष्यवृत्त्यांना ‘पूर्ण खर्चाच्या’ म्हणतात, त्यांची पहिली चाळणी अर्ज निवडसमितीपुढे जाण्याच्या कितीतरी आधी लागलेली असते आणि ती बुद्धीपेक्षा खिशाची परीक्षा घेते.

इंग्रजीच्या परीक्षेचेच पाहा. नायजेरियात शाळेपासून पदवीपर्यंतचे शिक्षण मुख्यतः इंग्रजीतून होते, तरीही अनेक विद्यापीठे तिथल्या पदवीधराकडे आयईएलटीएसचे गुणपत्रक मागतात. या परीक्षेचे शुल्क तिथे दोन लाख नायरांच्या वर गेले आहे, आणि 2024 मध्ये वाढवलेले राष्ट्रीय किमान वेतन महिना 70,000 नायरा आहे. गुण दोनच वर्षे ग्राह्य धरले जातात, म्हणजे पहिल्या खेपेला शिष्यवृत्ती हुकली आणि दुसरी खेप लांबली की हा खर्च पुन्हा आलाच. ब्रिटनच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीने स्वतःची इंग्रजीची अट काढून टाकली, हे चांगलेच झाले. पण प्रवेश देणारे विद्यापीठ जर ते गुणपत्रक मागतच असेल, तर विद्यार्थ्याची सुटका कुठे होते? जुन्या विद्यापीठाकडून अधिकृत गुणपत्रके मिळवण्यासाठी घालावे लागणारे हेलपाटे वेगळेच.

ही अडचण नवी नाही. केनियाचे कामगार नेते टॉम म्बोया यांच्या पुढाकाराने 1959 पासून केनिया आणि शेजारच्या देशांतले शेकडो विद्यार्थी अमेरिकेत शिकायला गेले, तेव्हाही गाडी अडली होती ती विमानभाड्यापाशी. अमेरिकी महाविद्यालयांनी प्रवेश आणि शिष्यवृत्त्या देऊ केल्या होत्या, पण तिथवर पोहोचण्याचे पैसे कुणाकडेच नव्हते. म्हणून म्बोयांनी अमेरिकेत फिरून निधी जमवला आणि खास विमाने ठरवली. 1960 मध्ये केनेडी कुटुंबाच्या प्रतिष्ठानाने या कामासाठी 1,00,000 डॉलर दिले. त्याच वर्षी गेलेल्या केनियाच्या वंगारी मथाई यांनी कॅन्ससमध्ये पदवी घेतली, पिट्सबर्गला पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले, आणि 2004 चे शांततेचे नोबेल त्यांना मिळाले. त्या भाड्याची सोय झाली नसती तर, हा प्रश्न माझ्या मनात अनेकदा येतो.

आज युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्ती महिना 1,400 युरो देते, आणि प्रवास, व्हिसा, राहणे-जेवणे हे सगळे त्यातूनच भागवायचे असते. रक्कम कमी नाही, पण पहिला हप्ता बहुधा तिथे पोहोचल्यावर हाती येतो आणि तिकीट मात्र आधी काढावे लागते. ज्याला उसने पैसे देणारा काका-मामा नाही, त्याने काय करावे, याचे उत्तर माहितीपत्रकात नसते. शिवाय काही देशांतल्या विद्यार्थ्यांना व्हिसाच्या मुलाखतीसाठी शेजारच्या देशाच्या राजधानीत जावे लागते, तो प्रवास वेगळाच.

अनुभवाच्या अटीबद्दल माझे मत इतके कडवट नाही. चीव्हनिंग 2,800 तासांचा अनुभव मागते. त्यात अर्धवेळ आणि स्वयंसेवी कामही धरले जाते, त्यामुळे सकाळी शाळेत शिकवून दुपारी एखाद्या संस्थेत काम करणाऱ्याला दोन्हीकडचे तास मोजता येतात. हा हिशेब मांडणे किचकट असले तरी त्यात न्याय आहे. जर्मनीच्या डाड (DAAD) या शिष्यवृत्त्या देणाऱ्या संस्थेच्या विकासविषयक अभ्यासक्रमांची खिडकी मात्र अरुंद आहे: दोन वर्षांचा अनुभव हवा आणि शेवटची पदवी साधारणपणे सहा वर्षांपेक्षा जुनी नको. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे उशिरा मोकळा होणारा विद्यार्थी (आणि त्याहून अधिक वेळा विद्यार्थिनी) इथेच गळतो.

परतीची अटही अशीच एका बाजूने लिहिलेली आहे. शिक्षण संपल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतण्याचे बंधन चीव्हनिंग घालते, आणि अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर तिकडे जाणाऱ्यांनाही दोन वर्षांचा नियम लागू असतो. हेतू समजण्याजोगा आहे. पण परतणाऱ्यासाठी तिथे प्रयोगशाळा आहे का, जागा भरली जाणार आहे का, याची जबाबदारी करारात कुणाचीच नसते.

म्हणूनच अलीकडे कुणी सल्ला विचारला, तर मी खंडाबाहेरच्या नावांबरोबर खंडातलेही पर्याय सुचवतो. आफ्रिकी संघाने 2011 मध्ये स्थापन केलेल्या पॅन आफ्रिकन विद्यापीठाच्या संस्था केनियात नैरोबीजवळ, नायजेरियात इबादान, कॅमेरूनमध्ये याउंडे आणि अल्जीरियात त्लेमसेन येथे आहेत. डाडही आफ्रिकेतल्याच दुसऱ्या देशात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती देते. घानाची विद्यार्थिनी केनियात शिकली, तर तिचे मार्गदर्शक आणि सहकारी ती पुढे जिथे काम करणार त्याच खंडात राहतात. लंडन किंवा बर्लिनच्या पदवीचे वजन याला येत नाही, असे काही जण मला सुनावतात, आणि नोकरी देणाऱ्यांच्या नजरेपुरते ते आज खरेही आहे.