ग्लासवरचा लाल ठिपका

हॉस्टेलच्या मेसमध्ये आज एका स्टीलच्या ग्लासवर नेलपेंटचा लाल ठिपका दिसला. विचारलं तर एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम तो तिचा आहे, तिला बी वाली कावीळ आहे ना, चुकून आम्ही घेऊ नये म्हणून."

ती कोपऱ्यात एकटीच जेवत होती.

अगं, हेपेटायटिस बी रक्तातून, असुरक्षित संबंधातून, आईकडून बाळाला होतो, ग्लासातून नाही! दूषित पाण्यातून होते ती ए आणि ई. आणि बी ची लस आहे, पण सरकारी लसीकरणात ती देशभर आली २०११ मध्ये, म्हणजे या मुलींच्या जन्मानंतर. तुम्ही घेतलीय का विचारलं तर एकीलाही माहीत नव्हतं. दोघींच्या मनगटावर नवे टॅटू, सुई नवी होती का ते विचारलंच नव्हतं त्यांनी.

मी तोच ग्लास भरून घेतला आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. उद्या कोण बसेल?