कार्लाइलला एलएस६ बघायला गेलो त्याची हकीकत

न्यू जर्सीतल्या एडिसनहून पहाटे पाचला निघालो. आय-७८ महामार्गानं ॲलनटाउन मागे टाकायचं, मग आय-८१ धरायचा. पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गच्या पुढे कार्लाइल. तासाभराची विश्रांती धरून चार तास लागले. एप्रिलमधल्या ‘स्प्रिंग कार्लाइल’ या जुन्या गाड्यांच्या जत्रेला जायचं कारण एकच होतं: विक्रीला आलेली शेव्हर्लेची १९७० ची शेव्हेल एसएस, ४५४ घनइंची एलएस६ इंजिनाची. कारखान्याच्या कागदावर ४५० हॉर्सपॉवर. शेव्हेल आणि एल कॅमिनो मिळून अशा फक्त ४,४७५ गाड्या निघाल्या. म्हणून तर साध्या शेव्हेलला एलएस६ म्हणून खपवण्याचे प्रकार होतात.

विक्रेत्यानं आधी डॅशवरचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, दाखवला. शेव्हेलच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. त्यातले सुरुवातीचे आकडे १३६३७ म्हणजे व्ही-एट इंजिनाची दोन दारांची शेव्हेल मालिबू, एवढंच. साध्या ३०७ घनइंची इंजिनाच्या गाडीवरही हेच आकडे असतात.

खरी जागा म्हणजे इंजिनावरची आकडे ठोकलेली सपाट पट्टी: पुढच्या टोकाला, प्रवाशाच्या बाजूच्या हेडपुढे (हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण). (अमेरिकेत ती बाजू उजवी.) अल्टरनेटरच्या आड असल्यानं ती सहज दिसत नाही. इंजिन गार असताना, म्हणजे सकाळीच जा. चिंधीवर ब्रेक क्लीनर घेऊन ती पट्टी हलक्या हातानं पुसा. पॉलिश पेपर अजिबात लावू नका. मग टॉर्च आडवा धरा. माझ्यासमोर आलं: टी०२१०सीआरव्ही. टी म्हणजे टोनावांडा कारखाना, १० फेब्रुवारीची जुळणी, सीआरव्ही म्हणजे मॅन्युअल गिअरची एलएस६. शेजारचा अर्धा व्हीआयएनही गाडीशी जुळत होता. छाती धडधडायला लागली.

पण पट्टी नको तेवढी गुळगुळीत होती. कारखान्यात ब्लॉकचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाचा, माथा तासताना पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा उमटतात. इथे एकही नव्हती, म्हणजे जुने आकडे घासून नवे ठोकल्याची शंका. माथा पुन्हा तासला असेल तरी त्या जातात, त्यामुळे एवढ्यावरून मी कुणाला खोटं ठरवणार नाही.

मग खाली पुठ्ठा अंथरून आडवा झालो आणि स्टार्टरजवळची ओतकामाची तारीख आरशातून वाचली. पहिलं अक्षर ई. ए म्हणजे जानेवारी, तेव्हा ई म्हणजे मे. मे महिन्यात ओतलेल्या ब्लॉकची जुळणी त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत कशी होईल? फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवरच्या) छोट्या पत्र्यावर गाडीच्या बांधणीची तारीख ०२डी होती, फेब्रुवारीचा चौथा आठवडा. आधी ओतकाम, मग जुळणी, मग गाडी: हा क्रम मोडला की विषय संपला. मला मनापासून वाईट वाटलं, कारण गाडी देखणी होती.

तुम्ही जाणार असाल तर कागद आधी मागा. शेव्हेलची बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं याचा कारखान्यातला कागद, बऱ्याचदा पेट्रोलच्या टाकीवर किंवा मागच्या सीटच्या स्प्रिंगांत सापडते. वॉरंटीच्या पुस्तिकेतला प्रोटेक्ट-ओ-प्लेट हा छोटा पत्राही मोलाचा. पॉन्टियाक घेणाऱ्यांचं बरं आहे, पीएचएस (पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) या संस्थेकडून मूळ बिलाची प्रत मिळते. १९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट हा कारखान्याच्या नोंदींवरचा अहवाल आहे. कॅनडात विकलेल्या शेव्हर्लेची नोंद जीएम कॅनडाकडून मागवता येते.

आणि एक, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नका.

दुपारी परतताना फाटकाजवळ एक पॉन्टियाक जीटीओ दिसली, मालकानं पीएचएसचे कागद काचेआत लावले होते. ते सगळे वाचून झाल्यावरच मी त्याला बॉनेट उघडायला सांगितलं.